फुकटची वीज आणि हिशेबाची वही

अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक केंद्राची क्षमता ५०० मेगावॉट आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याने ओलितासाठी रात्री-अपरात्री उठून विजेची वाट पाहण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. २००५ नंतरच्या भारनियमनात तर वऱ्हाडातील गावेच्या गावे अंधारात बसत. अशा प्रदेशात इंधनाविना चालणाऱ्या जनित्राची कल्पना तरुणांना मोहविते, यात नवल नाही. अमरावतीच्या राजापेठेतील एखादा आयटीआयचा विद्यार्थी जुन्या पंख्याची तांब्याची तार, चार चुंबके आणि मोटारसायकलची बॅटरी घेऊन असा प्रयोग मांडतो, तेव्हा त्याला हसणे सोपे असते. हसणाऱ्याच्या घरी बहुधा इन्व्हर्टर असतो.

हा मोह अशिक्षितांनाच पडतो असेही नाही. कैगा अणुवीज प्रकल्पात उच्च पदावर राहिलेले अभियंते परमहंस तिवारी यांनी, दिलेल्या शक्तीहून अधिक शक्ती परत देणाऱ्या जनित्राचा दावा अनेक वर्षे केला. विज्ञानजगताने तो स्वीकारला नाही. तथापि खरा प्रश्न निराळाच आहे. असे दावे तपासण्याचे साधन सामान्य माणसाच्या हाती आहे काय?

ते आहे, आणि ते सार्वजनिक मालकीच्या संस्थांतून आले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगेल यांनी १९७३ साली ‘स्पाइस’ ही विद्युत्-मंडलांचे गणित सोडविणारी संगणक-आज्ञावली सिद्ध केली. विद्यापीठाने तिला कुलूप न लावता ती जगाला खुली केली. तिच्याच वंशातील ‘एनजीस्पाइस’च्या आधारे मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने केंद्र शासनाच्या निधीतून ‘ई-सिम’ उभे केले. ते विनामूल्य आहे.

त्याचा उपयोग काय? कॉइल आणि कपॅसिटर एकापुढे एक जोडून योग्य वारंवारतेचा १२ व्होल्टचा प्रत्यावर्ती पुरवठा दिला, तर कपॅसिटरवर १२० व्होल्टही दिसू शकतात. प्रयोग करणारा हरखतो. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करून शक्ती दहापट झाली असे मानतो. आज्ञावली मात्र क्षणाक्षणाचा गुणाकार करून त्याची सरासरी काढते आणि दाखविते की, कपॅसिटर जेवढे घेतो तेवढेच परत करतो. खर्च होते ती पुरवठ्याने दिलेलीच शक्ती. एक किलो तांबे विकत घेण्यापूर्वी हे कळणे गरिबाच्या मुलाला फार मोलाचे आहे.

परंतु आज्ञावली म्हणजे देववाणी नव्हे. ती किर्चहॉफने १८४५ साली मांडलेल्या नियमांवरच चालते. त्या नियमांपलीकडची ऊर्जा तिला सापडणे शक्य नाही. पडद्यावर ऊर्जा वाढलेली दिसलीच, तर तारेचा रोध शून्य धरला गेला आहे काय, गणिताची पावले फार लांब पडली आहेत काय, कॉइलमध्ये आरंभीच प्रवाह भरलेला आहे काय, हे पाहावे लागते. शेवटचा निवाडा मोजमापाचाच.

आणि हे मोजमापच आज थोड्यांच्या हाती आहे. शासकीय तंत्रनिकेतनांतील ऑसिलोस्कोप सायंकाळी कुलपात पडून असतात, आणि बाहेर चमत्काराच्या यंत्रांसाठी आगाऊ रक्कम मागणारे भेटतात. कार्यकर्त्यांनी या प्रयोगशाळा आठवड्यातून दोन सायंकाळी बाहेरच्या तरुणांना खुल्या कराव्यात अशी मागणी लावून धरावी. कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारीत त्यांनाच उत्तरापर्यंत नेणारे गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यात जन्मले.

हिशेब करावयास शिकलेला तरुण चुंबकाच्या यंत्रापाशी थांबणार नाही. पारसची वीज कोठे जाते, कोणास कोणत्या दराने मिळते आणि शेताला रात्रीच का मिळत आली, हा हिशेबही तो उद्या मागेल. वऱ्हाडातील अंधाराचे मूळ यंत्राच्या अभावात नाही, वाटपात आहे. आणि त्यावर फुकटच्या विजेचे कोणतेही यंत्र हा तोडगा नाही.