भुतांचे गाव आणि आठ तासांचे पाहुणे

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, तोत्तोरी प्रांताच्या टोकाशी, साकाईमिनातो नावाचे एक लहानसे बंदर आहे. एका अंगाला मिहोचा उपसागर, दुसऱ्या अंगाला नाकाउमी हे मचूळ पाण्याचे सरोवर आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीच्या शेवटी वसलेली ३२-३३ हजारांची वस्ती. वर्षातून काही सकाळी या वस्तीसमोर एखादी विलासनौका, हल्लीच्या भाषेत क्रूझ, येऊन उभी राहते. दोन-तीन हजार माणसे आठेक तासांसाठी खाली उतरतात. त्यांपैकी बऱ्याच जणांसाठी धक्क्यावरच बसगाड्या तयार असतात. मात्सुएचा किल्ला, इझुमोचे देवस्थान, आदाची संग्रहालयाची बाग असा फेरा करून त्या परत येतात. उरलेले लोक गावात शिरतात. गाव शांत आहे, लोक नम्र आहेत, रस्ते स्वच्छ आहेत, असा अभिप्राय देऊन तेही संध्याकाळच्या जेवणाला जहाजावर परततात.

‘शांत’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. मासळीच्या बंदराला शांतता हा काही जन्मजात गुण नसतो. ती कोठून तरी आलेली असते, आणि प्रवाशाला जी विश्रांती वाटते ती रहिवाशाच्या दृष्टीने पुष्कळदा गिऱ्हाईक नसलेले दुकान असते.

या वाळूच्या पट्टीचे नाव युमिगाहामा, म्हणजे धनुष्याकार किनारा. भातशेतीला ही जमीन निरुपयोगी. पण सतराव्या शतकाच्या अखेरीपासून येथे कापूस रुजला, अठराव्या शतकात खणलेल्या कालव्याने त्याला पाणी मिळाले, आणि शेतकऱ्यांच्या घरातील बायका निळीत रंगवलेल्या सुताचे नक्षीदार कापड विणू लागल्या. हा कापूस कोणी बुडवला? त्याचे उत्तर शोधताना मुंबई बंदराकडे पाहावे लागते. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन यूसेन या जपानी कंपनीने मुंबई-जपान जहाजसेवा सुरू केली. प्रचलित इंग्रजी कंपनीच्या भारी वाहणावळीला दिलेला तो शह होता, आणि आपल्याकडे त्याची आठवण अभिमानाने काढली जाते. १८९६ मध्ये जपानी सरकारने कच्च्या कापसावरील आयातकर रद्द केला. ओसाकाच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा स्वस्त कापूस मिळाला आणि देशातील कापूस उत्पादकांची शेती मोडली, युमिगाहामाच्या शेतकऱ्यांचीही. आशियाई भांडवलाने युरोपीय मक्तेदारीशी दिलेली झुंज खरी होती. तिचा खर्च कोणाच्या नावे पडला हेही तितकेच खरे आहे. आज त्या कापडाला पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा आहे. तो १९७५ साली मिळाला, म्हणजे विणणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरल्यावर. अशा दर्जांचा मुहूर्त बहुधा असाच असतो.

कापूस गेला, मासळी राहिली. १९९० नंतरच्या काही वर्षांत उतरवलेल्या मासळीच्या वजनात हे बंदर जपानमध्ये पहिले होते. तो मुख्यतः तारलीच्या जातीच्या माशाचा सुकाळ. समुद्रात तो मासा दुर्मिळ होताच आकडे कोसळले. लाल खेकड्याचा मोठा धंदा अजून येथे आहे, पण खेकडा सोलणारे आणि मासळी कापणारे तरुण हात आता जपानी घरांतून मिळत नाहीत. जपानभरच्या मासळी कारखान्यांत व्हिएतनाम, इंडोनेशिया या देशांतील तरुण-तरुणी ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ या गोंडस नावाखाली राबत आले आहेत. ही योजना १९९३ सालची. मालक बदलण्याचा हक्क नाकारणाऱ्या मजुरीला प्रशिक्षण म्हणण्याची सोय तिने करून दिली. ती मोडीत काढून दुसरी व्यवस्था आणण्याचा कायदा जपानच्या संसदेने संमत केला तो २०२४ मध्ये. एकतीस वर्षे हे काही कमी प्रशिक्षण नव्हे!

त्याच १९९३ साली साकाईमिनातोत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मात्र गावाच्या स्वतःच्या डोक्यातून निघाली. ओस पडू लागलेल्या बाजारपेठेत भुताखेतांचे २३ कांस्यपुतळे बसवण्यात आले. जपानी लोककथांतील ‘योकाई’ म्हणजे निव्वळ भुते नव्हेत. आपल्याकडचा वेताळ, मुंजा, समंध, पाणवठ्यावरची आसरा हे सारे गोतावळ्यासह एका शब्दात कोंबले तर थोडीफार कल्पना येईल. या योकाईंना चित्रकथांमधून नवा जन्म देणारे शिगेरू मिझुकी याच गावात वाढले. त्यांच्या लहानपणी नोन्नोन्बा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका गरीब म्हातारीने त्यांना या कथा सांगितल्या. पुढे १९४३ साली सक्तीच्या लष्करभरतीत ते न्यू ब्रिटन बेटावर पाठवले गेले. तुकडीतील सोबती मारले गेले, हवाई हल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. उरलेल्या एका हाताने त्यांनी आयुष्यभर चित्रे काढली. सैनिकांना निरर्थक ‘सन्मान्य’ मरण पत्करायला लावणाऱ्या लष्करशाहीवर १९७३ साली त्यांनी लिहिलेली चित्रकथा ही जपानच्या युद्धविरोधी साहित्यातील एक परखड साक्ष आहे. २०१५ मध्ये ९३ व्या वर्षी ते वारले.

आज त्या रस्त्यावर पावणेदोनशेहून अधिक पुतळे आहेत. अनेक पुतळ्यांसाठी सामान्य लोकांनी पैसे दिले. २०१० मध्ये मिझुकींच्या पत्नीच्या आठवणींवरील दूरदर्शन मालिका गाजली, तेव्हा वर्षभरात या रस्त्याला पस्तीस लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. ते आगगाडीने आले, मोटारीने आले, गावातल्या खानावळीत जेवले. भुतांचा बाजार मांडला, असे नाक मुरडणारे म्हणतील. आणि डोळ्याच्या आकाराचे दिवे किंवा भुताच्या चेहऱ्याची मिठाई पाहून ते अगदीच खोटे म्हणता येत नाही. पण या बाजाराची किल्ली गावाच्या हातात राहिली, हा फरक लहान नाही.

विलासनौकेचे अर्थशास्त्र वेगळे आहे. प्रवाशाची झोप, जेवण, करमणूक यांची किंमत तिकिटात आधीच वसूल झालेली असते. किनाऱ्यावरच्या सहलीही पुष्कळदा कंपनीच विकते आणि त्यात आपला वाटा ठेवते. जहाजाची मालकी एका देशात, नोंदणी बहामा किंवा पनामात, कामगार तिसऱ्याच देशांतले. कर आणि कामगार कायदा या दोहोंपासून जितके दूर राहता येईल तितके राहण्याची ही रीत. गावाने मात्र धक्का खोल करायचा, बसगाड्या उभ्या करायच्या, कचरा काढायचा. २०१७ साली जपानने बंदरविषयक कायदा बदलून प्रवासी-गृहात पैसा गुंतवणाऱ्या क्रूझ कंपन्यांना ठरावीक बंदरांत धक्क्यावर अग्रहक्क देण्याची सोय केली. अशी योजना केलेल्या शिमिझु बंदरातील भागीदार कंपनी, हाँगकाँगची गेंटिंग, २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. कंपनी बुडते, बंदर दुसरीकडे जाऊ शकत नाही.

साकाईमिनातोचा अनुभव यापेक्षाही बोलका आहे. २०१७ साली सुमारे पंचवीस लाख परदेशी प्रवासी जहाजांनी जपानला आले होते. त्या भरतीच्या काळात येथे मोठ्या जहाजांसाठी नवा धक्का आणि प्रवासी-गृह यांची आखणी झाली. ‘युमे मिनातो’, म्हणजे स्वप्नबंदर, असे त्याचे नाव. ते खुले झाले २०२० च्या एप्रिलमध्ये. त्याआधी फेब्रुवारीत योकोहामाच्या धक्क्यावर ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज रोगाच्या भीतीने रोखले गेले होते. परदेशी विलासनौका जपानला पुन्हा येऊ लागल्या त्या २०२३ च्या मार्चमध्ये. तीन वर्षे स्वप्नबंदरात स्वप्नच नांगरून होते.

त्या रोखलेल्या जहाजावर ३,७११ माणसे होती, त्यांतील ७१२ जणांना रोगाची बाधा झाली. १३८ भारतीयांपैकी प्रवासी होते सहा. १३२ जण कामगार होते. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद राहिले आणि कामगार, एका खोलीत दोघे-तिघे राहून, त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवत राहिले. गोव्यातील कितीतरी घरांची चूल अशा नोकऱ्यांवर पेटते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे त्यांना दिवसाला चौदा आणि आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत राबवता येते. ही मर्यादा कामगाराच्या संरक्षणासाठी आहे, हे मुद्दाम सांगावे लागते. शांत गाव पाहायला उतरणाऱ्यांत हे लोक क्वचितच असतात.

या गावाजवळ एशिमाचा पूल आहे. छायाचित्रांत तो भिंतीसारखा सरळ वर चढलेला दिसतो आणि म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात त्याचा चढ शेकडा सहाच्या आसपास आहे. दूरच्या भिंगाने तो उभा केला. खालून जहाजे जावीत म्हणून बांधलेला हा रोजच्या वापराचा पूल, पण पाहुण्याला भिंगातलाच हवा असतो.

गावकऱ्यांनी जहाजांना हाकलून द्यावे, असे कोणी म्हणत नाही. धक्क्यावर ढोल वाजवून पाहुण्यांना निरोप देणारे लोक ते मनापासून देत असतात. प्रश्न कराराचा आहे. माणशी काही रक्कम बंदर असलेल्या गावाच्या तिजोरीत थेट का पडू नये? वर्षाला किती जहाजे आणि केवढी, हे ठरवताना मच्छीमारांच्या संघाला आणि दुकानदारांना मत का असू नये? आणि जहाज रात्री धक्क्यालाच का राहू नये? या शेवटच्या प्रश्नाला कंपन्यांचे एक व्यावहारिक उत्तर असते: बंदरात असेपर्यंत जहाजावरचे जुगारघर आणि करमुक्त दुकाने बंद ठेवावी लागतात. म्हणून सूर्य कलला की भोंगा वाजतो. २०१८ साली साकाईमिनातोने पुतळ्यांच्या रस्त्याची नवी रचना केली, तेव्हा अंधार पडल्यावर जमिनीवर योकाईंच्या सावल्या पाडणारे दिवे बसवले. ते दिवे लागतात, तोवर आठ तासांचे पाहुणे समुद्रावर गेलेले असतात आणि रस्त्यावर गावची माणसे तेवढी उरतात.