रणगाडा दुरुस्त होतो; मेकॅनिकचे काय?

गलवानच्या संघर्षानंतर २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये टी-९० आणि टी-७२ रणगाडे तैनात झाले. त्यांच्या तोफांची आणि इंजिनांची चर्चा खूप झाली. त्यांना चालते ठेवणाऱ्या लष्कराच्या ‘ईएमई’ दलातील मेकॅनिकच्या शरीराची चर्चा मात्र क्वचितच होते.

चार हजार मीटर उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच ऑक्सिजन मिळतो. अशा हवेत सुमारे ४६ टनांच्या रणगाड्याचा पट्टा घण मारून सोडवायचा, इंजिनाखाली उताणे पडून हात वर धरून बोल्ट आवळायचे. यात आधी कंबर आणि खांदे जातात. कामगारांच्या आरोग्याचे निकष ठरवणारी अमेरिकी संस्था आदर्श स्थितीतही २३ किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, असे सांगते. वाकून, पीळ देऊन किंवा अंगापासून दूर धरून उचलताना ही मर्यादा आणखी खाली येते.

थंडीत पेच वेगळाच. जाड हातमोज्यांत नट सापडत नाही आणि मोजे काढले तर हिमदंशाचा धोका. उबेसाठी शेडची दारे बंद करून इंजिन चालवले, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.

सर्वांत फसवी जखम हायड्रॉलिक नळीची. बारीक छिद्रातून दाबाने उडालेले तेल बोटात शिरते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. पण आत पेशी मरू लागतात. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट गमवावे लागू शकते. मलमपट्टी करून पुन्हा कामाला लागणे इथे महागात पडते.

दुखणे सांगितले तर ‘मेडिकल कॅटेगरी’ खाली जाईल आणि बढती अडेल, असे वाटले की माणूस गप्प राहतो. वजनासाठी क्रेन, जॅकसोबत भक्कम आधार, धूर बाहेर काढण्याची सोय, दरवर्षी श्रवणचाचणी, हे उपाय ठाऊक असलेलेच आहेत. त्यांच्याइतकीच गरज आहे ती लवकर दुखणे सांगणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखे वाटू नये, अशा व्यवस्थेची. आठवडाभराच्या विश्रांतीने बरी होणारी कंबर लपवून ठेवली, तर अनुभवी कारागीर कायमचा हातचा जातो. तो सहजासहजी पुन्हा घडवता येत नाही.