रांगेतला संसार

विरह हा विषय आपल्याला भेटतो तो साहित्याच्या तासाला. 'मेघदूता'तला यक्ष कुबेराच्या शापाने वर्षभरासाठी पत्नीपासून दूर जातो आणि रामगिरीवर दिवस मोजत बसतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले आहे. सरांनी काव्याचे सौंदर्य समजावून सांगितले, ते पटलेही. पण माझ्या मनात राहिली ती निराळीच गोष्ट. यक्षाला आपल्या शापाचा अवधी ठाऊक होता. चार महिने उरले आहेत, कार्तिकात देव उठले की शाप संपेल, असा स्पष्ट निरोप तो मेघाबरोबर धाडतो. आज आपल्या आसपास असा एक विरह आहे, ज्याला हा दिलासा नाही. लग्न झालेले आहे, नवरा परदेशी आहे, बायको इकडे आहे आणि मध्ये व्हिसाची रांग आहे. ती नक्की कधी संपेल हे नवऱ्याला ठाऊक नाही, बायकोला नाही आणि कागद भरून देणाऱ्या एजंटाला तर नाहीच नाही.

हा विषय कॉलेजच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. परदेशातला जावई ही आता केवळ पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांतली गोष्ट राहिलेली नाही, म्हणून. माझे वडील वाळूजच्या एका कारखान्यात कामगार आहेत. आई चौथीपर्यंत शिकली. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मीच पहिली. अशा आमच्या घरातही हा प्रश्न येऊन उभा राहिला, तो माझ्या आतेबहिणीच्या लग्नाने. ताईचे लग्न फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. मुलगा न्यू जर्सीत एका दुकानात नोकरीला, आईवडिलांबरोबर लहानपणीच तिकडे गेलेला, ग्रीन कार्ड असलेला. तीन आठवडे राहून तो परत गेला. "सहा महिन्यांत कागद होतील," असे बैठकीत सर्वांनी एकमेकांना सांगितले होते. लग्नाला दुसरे वर्ष उलटत आले, ताई अजून माहेरीच आहे.

हे असे का होते? ताईमुळे मी थोडी माहिती जमवली, ती इथे देते; कारण आपल्याकडे या बाबतीत अज्ञान फार आहे. अमेरिकेत राहणाऱ्या नवऱ्याचे तीन प्रकार धरता येतील. पहिला तिथला नागरिक. त्याच्या पत्नीला जागांची मर्यादा नाही. कागदपत्रांना वेळ लागतो, पण रांग नाही. दुसरा, कंपनीच्या कामासाठी एच-१बी व्हिसावर तात्पुरता गेलेला. त्याची पत्नी एच-४ व्हिसावर त्याच्याबरोबरच जाऊ शकते. तिसरा ग्रीन कार्डवाला, म्हणजे कायमचा रहिवासी. त्याच्या पत्नीसाठी मात्र वर्षाच्या जागा ठरलेल्या आहेत. अशा रहिवाशांच्या बायका, नवरे आणि लहान मुले मिळून साऱ्या जगासाठी वर्षाला साधारण ८८ हजार. तात्पुरता गेलेला माणूस बायकोला बरोबर नेतो आणि कायमचा राहणारा नेऊ शकत नाही, असा हा उफराटा न्याय आहे!

या रांगेचे एक पत्रक तिकडचे सरकार दर महिन्याला काढते. अमुक तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांचा नंबर आला, एवढेच त्यात असते. ही तारीख कधी पुढे सरकते, कधी तिथेच थांबते, तर कधी चक्क मागेही जाते. २०१९ च्या जुलैपासून जवळजवळ पावणेचार वर्षे या प्रकारात रांगच नव्हती. एप्रिल २०२३ पासून ती पुन्हा लागली. पाहुणा म्हणून जाऊन यावे म्हटले, तर हिचा नवरा तिथे, ही परत कशाची येते, अशी शंका अधिकारी घेतो. नवऱ्याने इकडे येऊन राहावे, तर आगाऊ परवानगीवाचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास त्याचे कार्डच धोक्यात येते. ग्रीन कार्डवाल्याला साधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि तो नागरिक झाला की पत्नी आपोआप पहिल्या प्रकारात जाते. हे पुष्कळांना ठाऊकच नसते. शेवटी मुलाखत. त्यासाठी आपल्या भागातल्या मुली देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठतात आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीसमोर उभ्या राहतात. लग्न खरे आहे याचा पुरावा म्हणून अक्षता पडतानाचे फोटो, फोनच्या नोंदी, पत्रे पुढे करायची. आपल्या समाजात ज्या गोष्टी मुलगी मैत्रिणीलाही दाखवीत नाही, त्या फायलीत लावायच्या.

पत्नीला दारात अडवण्याची ही रीत नवी नाही. मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. भारतातून आलेल्या एका स्त्रीला नवऱ्याकडे जाण्यासाठी बोटीवरून उतरू द्यावे की नाही, एवढाच प्रश्न होता. भारतीय धर्मपद्धतीने झालेला तिचा विवाह तिथल्या कायद्याने विवाहच ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. एका क्षणात तिथल्या हजारो भारतीय स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने पत्नी उरल्या नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. १९१४ च्या कायद्याने ती चूक बरीचशी दुरुस्त झाली. अलीकडचे उदाहरण ब्रिटनचे. तिथे जोडीदाराला बोलावण्यासाठी लागणारी वर्षाची किमान मिळकत एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंड करण्यात आली. म्हणजे संसार एकत्र करण्याचा हक्कही मिळकतीवर तोलायचा!

यावर एक आक्षेप हमखास येतो. परदेशी लग्न कोणी बळजबरीने केले होते का? सैनिकाची बायको वाट पाहत नाही का? गिरणगावात पाळीपाळीने एकाच खोलीत झोपणाऱ्या, खानावळीत जेवणाऱ्या कोकणी चाकरमान्यांच्या बायकांनी गावाकडे उभे आयुष्य काढले नाही का? आक्षेपात तथ्य आहे. पण त्या बायकांना गावात जागा होती. घर त्यांच्यावर चालत होते, शेत त्यांच्यावर चालत होते. सैनिकाच्या बायकोला सुटीची तारीख कळत होती. ताईसारख्या मुलीला धड माहेर नाही, धड सासर नाही. सासर सातासमुद्रांपलीकडे आणि माहेरात ती आता पाहुणी.

माझा खरा मुद्दा इथून पुढे आहे. रांग अमेरिकेने लावली, हे खरे. पण त्या रांगेत ताईला हातपाय बांधून कोणी उभे केले? आपणच. लग्नानंतर तिला नर्सिंगला जायचे होते. "आज ना उद्या जायचेच, आता प्रवेश कशाला?" असे म्हणून घरच्यांनी फी भरली नाही. एका दवाखान्यात तिने कामासाठी विचारले, तर "तुमचे काय, तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या," असे उत्तर मिळाले. मंगळागौर एकटीने पूजली. २०२४ च्या दिवाळसणाला जावई आला तो फोनच्या पडद्यावर. ओवाळणीचे तबक फोनपुढे धरले गेले. दळण टाकायला निघाले तरी गल्लीत प्रश्न एकच, "काय गं, कधी बोलावतो?" हा प्रश्न नवऱ्याच्या वागण्यावर शंका घेणारा आहे, हे विचारणारीलाही कळत असते. उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असलेल्या घड्याळाशी जुळवून ताई रात्री उशिरा बोलते, तर "अजून जागीच?" म्हणून आत्या चिडते. यातले एकही दुःख वकिलातीने दिलेले नाही.

गेल्या वर्षी मात्र ताईने कोणालाही न विचारता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातले आणि दुपारी गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवायला लागली. विद्यापीठाचे दूरशिक्षण आहे, जावे लागले तर जाता येते, न गेल्यास वर्ष वाया जात नाही. रांग त्यामुळे एका दिवसानेही पुढे सरकलेली नाही. पण पूर्वी ती नवऱ्याला रोज "पत्रक आले का?" एवढेच विचारायची, आता ती त्याला जमाखर्चाची उदाहरणे सांगते. भाऊजी हसून म्हणतात, "आता मलाच वेळ मागून घ्यावा लागतो." मला वाटते, त्यांचा संसार खऱ्या अर्थाने या वर्षी सुरू झाला.

म्हणून माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींना आणि त्यांच्या घरच्यांना काही सांगावेसे वाटते. मुलाची जमीन किती, पगार किती हे जसे आपण बैठकीत विचारतो, तसेच त्याच्याकडे कोणता कागद आहे, हे विचारायला लाजू नका. नागरिक, ग्रीन कार्ड की कामाचा व्हिसा, या एका उत्तरावर मुलीची काही वर्षे अवलंबून आहेत. लग्नाची नोंदणी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत लगेच करा. आणि काही झाले तरी शिक्षण सोडू नका. आपल्याच वर्गातून लग्न ठरले म्हणून दुसऱ्या वर्षाला नाव काढून गेलेल्या मुली आपण पाहतो. त्यांतली एखादी परदेशी जाण्याच्या आशेवर घरीच बसून असेल, तर तिला परत बोलावणे हे आपले काम आहे.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. पासपोर्ट, विवाह नोंदणी, व्हिसाचे प्रकार यांवर वर्षातून एक दिवस व्याख्यान ठेवता येईल. ज्यांच्या घरात इंग्रजी फॉर्म वाचणारे पहिलेच माणूस आम्ही आहोत, त्यांना त्याचा फार उपयोग होईल. नाहीतर एजंट सांगेल ते खरे मानावे लागते.

परक्या देशाचा कायदा आपण बदलू शकत नाही, निदान आज तरी. पण रांगेत उभ्या असलेल्या मुलीला "कधी बोलावतो?" असे न विचारता "सध्या काय शिकतेस?" असे विचारणे आपल्या हातात आहे. त्याला ना फॉर्म लागतो, ना फी.