जेल कुणासाठी निष्प्रभ ठरले?

एचआयव्ही रोखणारे औषध स्त्रियांमध्ये अपेक्षेइतके चालले नाही, की ‘त्यांनी ते नीट वापरलेच नसेल’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो. टेनोफोव्हिर जेलबाबत तो अर्धाच खरा ठरला.

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात ८८९ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये जाहीर झाले. संबंधांच्या आधी व नंतर योनीमार्गात लावायच्या या जेलमुळे एचआयव्हीची लागण ३९ टक्क्यांनी घटली होती. जोडीदाराला कंडोमसाठी राजी करू न शकणाऱ्या स्त्रीच्या हाती स्वतःचे साधन येणार, अशी आशा निर्माण झाली. या जेलच्या सुरक्षिततेच्या आधीच्या चाचणीत पुण्यातील स्त्रियाही सहभागी होत्या. पुढच्या मोठ्या चाचण्यांत मात्र जेल अपयशी ठरले. अनियमित वापर हे त्याचे मुख्य कारण होते. पण एकमेव नव्हे.

२०१७ मध्ये संशोधकांनी पहिल्या चाचणीतील ६८८ स्त्रियांचे नमुने पुन्हा तपासले. निरोगी योनीमार्गात बहुधा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचे प्राबल्य असते. ते लॅक्टिक आम्ल तयार करून तिथले वातावरण आम्लधर्मी ठेवतात. अशा स्त्रियांमध्ये जेलने लागण ६१ टक्क्यांनी कमी केली. ज्यांच्यात गार्डनेरेलासारख्या इतर जिवाणूंचे प्राबल्य होते, त्यांच्यात घट जेमतेम १८ टक्के होती. जेल वापरण्यातील नियमितपणा दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. प्रयोगशाळेत उलगडा झाला : औषध पेशींत पोहोचून काम सुरू करण्याआधीच गार्डनेरेला त्याचे विघटन करत होता.

या जिवाणूंचा धोका एवढ्यावर थांबत नाही. त्यांच्यामुळे योनीमार्गात दाह होतो आणि विषाणू ज्यांना लक्ष्य करतो त्या रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात. दक्षिण आफ्रिकेतील तरुण स्त्रियांच्या आणखी एका अभ्यासात, जिवाणूंचा असा समतोल बिघडलेल्यांमध्ये एचआयव्हीची लागण होण्याचा धोका चौपटीहून अधिक आढळला.

म्हणून प्रतिबंधाच्या गोळ्या निकामी ठरतात, असे नाही. गोळीतील औषध रक्तावाटे पेशींपर्यंत जाते आणि अशा जिवाणूंमुळे तिची परिणामकारकता घटल्याचे पाहणीत दिसलेले नाही. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकॅपाविर इंजेक्शनने तर २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका व युगांडातील चाचणीत २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण होऊ दिली नाही.

मग जिवाणूंची चिंता कशाला? कारण हे असंतुलन, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, अतिशय सर्रास आढळते. अनेकींना त्याची लक्षणेच जाणवत नाहीत आणि तक्रार असेल तरच तपासणी करणाऱ्या दवाखान्यांतून त्या सुटतात. प्रतिजैविकांनी ते बरे होते, पण वारंवार उलटते. ऑस्ट्रेलियात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरुष जोडीदारावरही उपचार केल्यावर १२ आठवड्यांत ते उलटण्याचे प्रमाण ६३ वरून ३५ टक्क्यांवर आले. योनीमार्ग आतून धुण्याची सवयही हा समतोल बिघडवते.

गोळी किंवा इंजेक्शन देताना ही तपासणी आणि जोडीदारावरील उपचार त्याच दवाखान्यात झाले, तर स्त्रीला दुहेरी संरक्षण मिळेल. नव्या औषधांच्या चाचण्यांतही ‘किती जणींना लागू पडले’ याबरोबर ‘कुणाला पडले नाही आणि का’ हे आरंभापासूनच तपासावे लागेल.