नसलेल्या विमानाचे गणित

आज तुमच्यापुढे मी माझीच एक चूक मांडणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका शालेय विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतल्या एका मुलीने चार एंजिनांचे एक बाँबफेकी विमान टेबलावर मांडले होते. मॉडेल प्लॅस्टिकचे होते आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांगले दीड फूट भरेल एवढे होते. "हे कोणते विमान?" मी विचारले. ती म्हणाली, "सर, असे विमान कधी नव्हतेच. मामाकडे दोन जुने संच पडून होते. दोन्हींतले काही भाग हरवले होते. मग मी लँकेस्टरचे धड घेतले आणि त्याला लिबरेटरचे पंख जोडले."

मी मॉडेल उचलले. नाकाच्या आत काहीतरी खुळखुळले. मी ते खाली ठेवले, कागदावर 'काल्पनिक' असा शेरा लिहिला आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. तिला एकही प्रश्न विचारला नाही. चूक झाली ती इथे.

काल्पनिक म्हणजे खोटे, असे आपण सहज धरून चालतो. पण खऱ्या विमानांचा इतिहास काय सांगतो ते पाहा. १९४४ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीत 'युंकर्स २८७' या जड बाँबफेकी विमानाचा पहिला नमुना उडाला. त्याला चार जेट एंजिने होती आणि त्याचे पंख मागे नव्हे, तर पुढे झुकलेले होते. अशा पंखांचे विमान कमी वेगात कसे वागते, हे अभियंत्यांना तपासायचे होते. त्यासाठी सगळे विमान नव्याने घडवायचे त्यांना कारण नव्हते. धड त्यांनी हाइन्केल १७७ या विमानाचे घेतले, शेपटी युंकर्स ३८८ ची आणि मुख्य चाके युंकर्स ३५२ ची. आणि पुढची चाके? ती शत्रूच्या, म्हणजे अमेरिकेच्या, पडलेल्या लिबरेटर विमानांची! नवा प्रश्न एकच होता, तो पंखांचा. म्हणून बाकीचे सारे उसने चालले. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकता. इथे ते प्रत्यक्ष आकाशात दिसते.

आपल्या देशातही लिबरेटरची अशीच एक कथा आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर ही विमाने पुन्हा उडू नयेत, अशी मोडतोड करून ती कानपूरला टाकून दिली होती. १९४८ पासून बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने त्यांतली बरी विमाने निवडली, इतरांचे भाग त्यांना लावले आणि चाळीसच्या आसपास विमाने पुन्हा उडती केली. त्यांपैकी काहींनी पुढे पुण्याच्या तळावरून वर्षानुवर्षे समुद्रावर टेहळणी केली. हवाई दलात ही विमाने १९६८ पर्यंत होती.

तेव्हा अनेकांचे भाग घेऊन एक विमान करणे यात हसण्यासारखे काही नाही. मात्र जर्मनीतल्या अभियंत्यांना आणि बंगलोरच्या कारागिरांना आपल्या जोडणीबद्दल उत्तरे द्यावी लागली. भाग नुसते चिकटले म्हणून भागत नाही. म्हणून माझे मत असे आहे : काल्पनिक विमान खुशाल करा, पण त्याला तीन प्रश्न विचारल्याशिवाय ते पुरे झाले असे म्हणू नका.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. एक संच १ : ७२ चा आणि दुसरा १ : १४४ चा असेल, तर भाग कदाचित जुळतील, पण विमान जुळणार नाही. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस पहिल्या प्रमाणात सुमारे २४ मिलिमीटरचा होतो, तर दुसऱ्यात १२ मिलिमीटरचा. तेवढा कागदी माणूस कापून दारापाशी आणि खिडकीपाशी उभा करा. चूक असेल तर तो लगेच दाखवून देईल.

दुसरा प्रश्न पंखांचा. पूर्ण भारलेल्या लँकेस्टरचे वजन सुमारे ३०,८०० किलोग्रॅम आणि त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२०.५ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे २५६ किलोग्रॅम भार येतो. लिबरेटरचे पंख लांब पण अरुंद होते. त्यांचे क्षेत्रफळ ९७.४ चौरस मीटर. तेवढेच वजन या पंखांवर टाकले तर दर चौरस मीटरवरचा भार सुमारे ३१६ किलोग्रॅम होतो, म्हणजे आधीच्या १.२४ पट. आता लक्षात घ्या, वेग दुप्पट केला की पंखांचे उचलणारे बल चौपट होते. म्हणून दोन्ही पंखांचे इतर गुण सारखे धरले, तर उड्डाणासाठी लागणारा वेग १.२४ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.११ पट वाढेल. तेवढा वेग गाठायला धावपट्टीही सुमारे सव्वापट लागेल. लिबरेटर स्वतःदेखील पूर्ण भारात दर चौरस मीटरला ३०० किलोग्रॅमच्या आसपास भार घेऊन उडत असे. तेव्हा त्या मुलीचे विमान अशक्य कोटीतले नव्हते. त्याला फक्त लांब धावपट्टी हवी होती. हा हिशेब आठवी-नववीच्या गणितात बसतो.

तिसरा प्रश्न तोलाचा. लँकेस्टरला शेपटीखाली चाक होते, लिबरेटरला नाकाखाली. शेपटीला चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असावा लागतो, तर नाकाला चाक असलेल्या विमानाचा मुख्य चाकांच्या पुढे. लिबरेटरच्या पंखांबरोबर त्याची मुख्य चाकेही आली. मग गुरुत्वमध्य कुठे पडला? जिथे पडायला हवा तिथे पडला नाही, तर जमिनीवर उभे असतानाच विमान शेपटीवर बसेल.

आता नाकातली ती खुळखुळ आठवा. त्या मुलीने लँकेस्टरच्या नाकाखाली लिबरेटरचे पुढचे चाक बसवले होते आणि मॉडेल मागे कलू नये म्हणून आत नट घातले होते. तिला तोलाचा प्रश्न पडला होता आणि तिने तो आपल्या परीने सोडवलाही होता. "हे नट कशासाठी?" एवढे मी विचारले असते, तर तिने मला गुरुत्वमध्य समजावून सांगितला असता. मग मी पुढे विचारले असते, "खऱ्या विमानातही नाकात लोखंड भरायचे का?" त्याचे उत्तर नाही असे आहे. प्लॅस्टिकचे एंजिन पोकळ असते, खरे एंजिन जड. खऱ्या विमानात एंजिने, इंधन, माणसे आणि सामान यांच्या वजनांचा अंतरासह हिशेब मांडावा लागतो. मॉडेल आपल्याला काय शिकवते याइतकेच ते काय शिकवत नाही हेही कळले पाहिजे.

कोणी म्हणेल, मुलांनी बाँबफेकी विमानच का करावे? प्रश्न रास्त आहे. १९४३ मध्ये हँबर्ग शहर जाळणाऱ्या विमानांत लँकेस्टर होती, हे त्याचे मॉडेल करणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. त्याच लँकेस्टरपासून पुढे टपाल आणि प्रवासी नेणारे विमान तयार झाले, आणि आपली लिबरेटर समुद्राची राखण करीत होती, हेही माहीत असावे. विमान काल्पनिक असले तर त्याचे काम ठरवण्याचा अधिकार तुमच्याच हाती असतो. तो जाणीवपूर्वक वापरा.

शिक्षकांना एक विनंती आहे. असे मॉडेल प्रदर्शनात आले तर ते नाकारू नका. त्याच्याशेजारी एक पान मागा. त्या पानावर प्रमाण, वजन, पंखांचे क्षेत्रफळ, गुरुत्वमध्य आणि विमानाचे काम या पाच गोष्टी असाव्यात. आकडे कुठे चुकले तरी हरकत नाही, ते वर्गात बसून दुरुस्त करता येतील. ज्याच्याजवळ संच नाही त्याने पुठ्ठ्याचे विमान करावे. हिशेब तोच राहतो.

आणि तुमच्यापैकी कोणाच्या वहीवर किंवा मॉडेलवर कोणी 'काल्पनिक' असा शेरा मारला, तर खट्टू होऊ नका. शेरा मारणाऱ्याला नम्रपणे एवढेच म्हणा, "सर, एक प्रश्न तरी विचारा."