बाबांनाही घाबरू द्या



यंदाच्या दिवाळी अंकासाठी कथा मागवताना आम्ही लेखकांना एक अट घातली होती. गोष्ट साहसाची हवी, हसवणारी हवी आणि तिच्यात अख्खं घर हवं. आईबाबांना कामानिमित्त परगावी धाडायचं नाही, आजीला पहिल्याच परिच्छेदात झोपवायचं नाही. अट वाटते तितकी सोपी नव्हती, हे लेखकांचे फोन येऊ लागले तेव्हा कळलं. बहुतेकांचा प्रश्न एकच होता : बाबा घरात असतील तर साहस घडणार कसं?

प्रश्न रास्त आहे. चोरांचा अड्डा सापडला की शहाणे आईबाबा पोलिसांना कळवणार आणि गोष्ट तिसऱ्या पानावर आटोपणार. म्हणून साहसकथा लिहिणारे आधी मोठ्यांची कुठेतरी सोय लावतात आणि मग कामाला लागतात. ई. नेस्बिट यांच्या १८९९ सालच्या पुस्तकातल्या बॅस्टेबल भावंडांना आई नाही आणि वडील धंद्याच्या विवंचनेत. एनिड ब्लायटन यांच्या १९४२ साली सुरू झालेल्या ‘फेमस फाइव्ह’मधले क्वेंटिनकाका संशोधनात बुडालेले आणि चिडके; पोरं घराबाहेर गेली की त्यांना हायसंच वाटतं. आपल्या भा. रा. भागवतांनी बनेश फेणेला फुरसुंगीतून उचलून पुण्याच्या विद्याभवनात आणलं. घर मागे राहिलं आणि फास्टर फेणे सायकलवर टांग मारायला मोकळा झाला.

या युक्तीला नावं ठेवण्याचं कारण नाही. आपापली अक्कल चालवून संकटातून सुटण्याचं सुख तिने मुलांच्या कितीतरी पिढ्यांना दिलं. पण साहसकथेला विनोदाची जोड मिळाली की मोठ्यांना घालवण्याची गरजच उरत नाही. गंभीर साहसकथेत मोठं माणूस आलं की संकट मिटतं. विनोदी साहसकथेत मोठं माणूस आलं की संकट वाढतं. रस्ता चुकलेल्या मुलांना बाबा भेटले तर गोष्ट संपते. पण ‘मला इथला सगळा रस्ता पाठ आहे’ असं म्हणत बाबाच पुढे निघाले, तर गोष्ट तिथून सुरू होते.

जेरल्ड डरेल यांचं ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ (१९५६) हे याचं झकास उदाहरण. १९३५ साली डरेल कुटुंब इंग्लंडमधून ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहायला गेलं. धाकटा गेरी, म्हणजे स्वतः लेखक, विंचवाची मादी पिल्लांसकट काडेपेटीत घालून घरी आणतो, थोरला लॅरी सिगारेट पेटवायला नेमकी तीच काडेपेटी उघडतो, आणि मग जेवणाच्या टेबलाभोवती जो हलकल्लोळ होतो त्यात घरातला एकही माणूस कोरडा राहत नाही. गंमत अशी, की प्रत्यक्षात लॅरीचं लग्न झालेलं होतं आणि तो बायकोबरोबर बराच काळ वेगळ्या घरात राहत होता. डरेलनी पुस्तकातून त्या वहिनीला वगळलं आणि भावाला आईच्या घरात आणून बसवलं. सगळी डोकी एका छपराखाली आल्याशिवाय हा विनोद पेटणार नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

मराठीला हे गुपित त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. बडोद्याला पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणरावाचा संसार मांडला : काऊ, मोरू, मैना, राघू, आणि सल्ला द्यायला सदैव तयार असलेला दांडगा गुंड्याभाऊ. ही पुस्तकं मोठ्यांसाठी होती, पण ती पळवली पोरांनी. कारण उघड आहे. इथे घरचा कर्ता पुरुष स्वतःच्या तोंडाने स्वतःची फजिती सांगतो. वडिलांना हसायला खुद्द वडीलच परवानगी देतात, अशी मेजवानी मुलांना एरवी कुठे मिळणार?

मुलांसाठी म्हणून जे लिहिलं गेलं, ते मात्र पुष्कळदा दुसऱ्या वाटेने गेलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. चिमणरावही त्याच दशकातले. दोन्हींच्या मध्यभागी घरच आहे. ‘श्यामची आई’चं मोठेपण वादातीत आहे, आणि विहिरीत पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई फोकाने झोडपून बाहेर काढते, ते प्रकरण अस्सल साहसाचंच आहे. पण पुढे अनेकांनी गुरुजींचा जिव्हाळा सोडला आणि फक्त बोध उचलला. त्यांच्या गोष्टींतले वडील कधी चुकेनात, आई कधी वैतागेना, आजोबा उपदेशाखेरीज तोंड उघडेनात. अशा घरात साहस शिरायला फट कुठे राहणार?

ही फट मोठी करणाऱ्यांत दिलीप प्रभावळकरांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. दूरदर्शनवर बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊसमोर ते चिमणराव झाले. २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात त्यांनी भा. रा. भागवतांची भूमिका केली. आणि मधल्या काळात लेखणी उचलून ‘बोक्या सातबंडे’ लिहिला, ज्याला २०११ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. बोक्याच्या उचापतींना घर आणि शेजारपाजार कमी पडत नाही, आणि त्याची आजी त्याच्याच पक्षात असते. मुलांच्या मराठी पुस्तकातली आजी देवघरातून उठून कटात सामील झाली, ही आम्हाला फार मोठी घटना वाटते.

कथा निवडताना आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, भीती खरी हवी. पूर आलेला ओढा गुडघाभरच आहे, हे आधीच कळलं तर मूल हसेल, पण पान उलटणार नाही. दुसरी, मोठी माणसं चुकावीत, घाबरावीत, खोटं बोलताना पकडली जावीत. पण ती निव्वळ बावळट नसावीत. केळीच्या सालीवरून कोणीही घसरतं. रिझर्व्हेशन वेटिंगवर असताना ‘माझी ओळख आहे’ म्हणत सगळ्या घराला फलाटावर नेऊन उभं करणारे काका मात्र स्वतःच्या स्वभावावरून घसरतात. तो स्वभाव मुलांनी घरात पाहिलेला असतो. बाबांनाही भीती वाटते, आईलाही उत्तर ठाऊक नसतं, तरीही रात्रीपर्यंत सगळे मिळून घरी पोचतात, हे कळल्यावर मुलाला जो धीर येतो, तो दहा उपदेशांनी येत नाही.

घर म्हणजे कुणाचं घर, हाही विचार करावा लागला. गणपतीला कोकणात निघालेली एसटी, वऱ्हाडाचा टेम्पो, गोव्यातली फेरीबोट इथे साहस आपसूक जमतं. पण दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबं ऊसतोडीसाठी बिऱ्हाड घेऊन निघतात, त्यांची मुलंही प्रवासाला निघालेली असतात. त्यांच्या प्रवासावर हसायचं का? बाहेर उभं राहून, मुळीच नाही. पण खोपीत राहणाऱ्या पोराला आपल्या बापाची खोड दिसतेच, आजीचे टोमणे तोंडपाठ असतातच, आणि गाडीतून पळालेल्या कोंबडीमागे सगळं बिऱ्हाड धावलं की तेही पोट धरून हसतं. त्या पोराच्या नजरेतून लिहिलेली एक गोष्ट या अंकात आहे. एक गोष्ट आईबरोबर राहणाऱ्या बहीणभावांची आहे, आणि एकीतली आजी परदेशातल्या नातवंडांच्या भानगडीत व्हिडिओ कॉलवरून लुडबुड करते.

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळ आणि अंक यांची जोडी जमलेली आहे. सगळं घर एकत्र असण्याचे दिवस आता मोजकेच, म्हणून या गोष्टी मोठ्याने वाचायच्या आहेत. पात्रं वाटून घ्या. फजिती होणाऱ्या बाबांचे संवाद बाबांकडेच द्या. त्यांनी कुरकूर केली तर समजा, लेखकाचा नेम बरोबर लागला.

 मुलांनो, तुमच्या घराची सगळ्यात मोठी फजिती आम्हाला लिहून पाठवा. अट एवढीच, की मजकूर पाकिटात घालण्याआधी मोठ्यांना दाखवायचा नाही. निवडक फजित्या पुढच्या अंकात छापू. आईबाबांनी तक्रार केलीच, तर त्यांना सांगा, संपादकांनी सांगितलंय.

– संपादक