श्रावणासहि विसावा हवा

आमचें कामठी हें छावणीचें गांव. १८२१ सालीं कन्हान नदीच्या कांठीं येथें पलटणींचा तळ पडला आणि त्याच्या आश्रयानें गांव वाढत गेलें. आजहि ब्रिगेड ऑफ दि गार्ड्‌स या पायदळाचें केंद्र येथेंच आहे. त्यामुळें पहारा म्हणजे काय, हें कामठीच्या मुलांस निराळें सांगावें लागत नाहीं. पहाऱ्यावरील शिपाई कितीहि शूर असो, त्याचे तास भरले कीं दुसरा शिपाई येऊन त्यास मोकळें करितो. त्यावरून त्यास कोणी भेकड म्हणत नाहीं. बदलीवांचून उभा ठेवलेला शिपाई पहांटे डुलकी घेईल आणि साऱ्या तळाचा घात होईल, हें त्याच्या अधिकाऱ्यास ठाऊक असतें. मग आमच्या घराघरांतून जो पहारा वर्षानुवर्षें चालला आहे, त्याची बदली कोण करितो? हा प्रश्न यंदा वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा पहारा दुखणेकऱ्याच्या उशाशीं असतो. अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेले आजोबा. स्मृतिभ्रंशामुळें पोटच्या लेकासहि न ओळखणारी आणि मध्यरात्रीं उठून दाराची कडी काढणारी आजी. जन्मतःच बुद्धीची वाढ खुंटल्यामुळें घटकाभरहि एकटा सोडतां न येणारा भाऊ. आमच्या विदर्भांत पुष्कळ घरीं ठाण मांडून बसलेल्या सिकलसेल या रक्तविकारानें रात्र रात्र विव्हळणारें मूल. यांना न्हाऊं घालणें, भरविणें, कूस बदलणें, औषधांच्या वेळा सांभाळणें आणि इतकें करून चेहरा हंसरा ठेवणें, हें सर्व बहुधा एकाच माणसाच्या वांट्यास येतें. तें माणूस म्हणजे आई, सून, पत्नी किंवा अविवाहित मुलगी. तिला पगार नाहीं, रविवार नाहीं, आणि जिच्याकडे रजेचा अर्ज करावा अशी कचेरीहि नाहीं.

सरकारी आंकडे हेंच सांगतात. लोकांचा दिवसाचा वेळ कसा जातो, याची पाहणी केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०२४ सालीं केली. १५ ते ५९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४१ स्त्रिया घरांतील कोणाची ना कोणाची काळजी वाहतांना तींत आढळल्या. पुरुषांचें प्रमाण शेंकडा २१.४ होतें. असें काम करणाऱ्या स्त्रीचीं त्यांत दिवसास १४० मिनिटें जात आणि पुरुषाचीं ७४. यांत लहान मुलांचें संगोपनहि आलें, हें खरें. पण अंथरुणास खिळलेला रोगी ज्या घरीं आहे, तेथें मिनिटें मोजण्यास कोणास सवड असते? देशभर झालेल्या दुसऱ्या एका पाहणीवरून २०२३ सालीं असा अंदाज प्रसिद्ध झाला कीं, साठ व त्यावरील वयाच्या सुमारें ८८ लाख भारतीयांस स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. म्हणजे तितक्याच उशांशीं कोणी तरी जागें असलें पाहिजे.

ज्यांचें हातावर पोट, त्यांच्या घरीं हा भार दुप्पट होतो. याच कामठींत बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनीं विडी-कामगारांची संघटना बांधिली. विडीची मजुरी हजारावर मिळते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईस सासऱ्यांच्या हांकेसरशीं दहा वेळां उठावें लागलें, तर संध्याकाळीं हजार पुरा होत नाहीं आणि मजुरी तुटते. औषधपाण्याचा खर्च सर्वांच्या डोळ्यांत भरतो. ही बुडालेली मजुरी कोणाच्याहि हिशेबांत लिहिली जात नाहीं.

शाळेंतहि या पहाऱ्याची सांवली पडते. गैरहजेरीच्या चिठ्ठीवर ‘घरगुती काम’ असे दोनच शब्द असतात, आणि ते वाचून शिक्षक रागावतात. आई मजुरीस गेली, आजीपाशीं बसावयास दुसरें कोणी नव्हतें, म्हणून नववींतील मुलगी घरीं राहिली, हें त्या दोन शब्दांआड दडून राहतें. आधीं आठवड्यांतून एक दिवस, मग दोन दिवस, आणि शेवटीं हजेरीपटांतून तिचें नांवच जातें. अशा मुली बहुतेक शाळांतून असतात. त्यांस आळशी म्हणण्यापूर्वीं शिक्षकानें एकदां त्यांच्या घरीं जाऊन यावें.

आम्ही शुश्रूषा करणाऱ्यांस विसावा मिळावा असें म्हणूं लागलों, कीं पहिला आक्षेप येतो तो धर्माचा. आईबापांची सेवा हा पुत्रधर्म. त्यांतून सुट्टी मागणारा तो पुत्र कसला, असें वडीलधारी माणसें विचारतात आणि श्रावणबाळाचा दाखला देतात. आम्हांसहि ती कथा प्रिय आहे. मात्र ती शेवटपर्यंत सांगितली पाहिजे. अंध मातापित्यांस कावडींत बसवून श्रावणानें तीर्थें फिरविलीं. पण त्या कावडीला दुसरा खांदा नव्हता. पाणी आणावयास तो एकटा गेला, दशरथाच्या बाणानें पडला, आणि तान्हेलीं म्हातारीं त्याच्या मागोमाग गेलीं. जेथें सर्व सेवा एकाच जिवावर टांगलेली असते, तेथें तो जीव पडतांच ज्याची सेवा चालली होती तोहि पडतो. सेवकास विसावा देणें म्हणजे सेवेंत कसूर करणें नव्हे. तें सेव्याचेंच रक्षण आहे.

आमच्या राज्यांत निराधार वृद्धांकरितां एक निवृत्तिवेतन आहे. पासष्ट वर्षांवरील पात्र माणसास तें दरमहा मिळतें; २०२३ सालीं त्याची रक्कम १००० रुपयांवरून १५०० रुपये करण्यांत आली. योजना चांगली आहे. तिचें नांव श्रावणबाळ योजना. परंतु वेतन मिळतें तें कावडींत बसलेल्यांस. कावड वाहणाऱ्यासाठीं तींत कांहीं नाहीं. ज्यांस मिळतें त्यांचें कमी करावें, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ज्याचें नांव योजनेस दिलें, त्याचीहि आठवण ठेवावी, एवढेंच आमचें म्हणणें.

शुभवर्तमानांतहि याच विचाराचा एक प्रसंग आहे. शिष्य गांवोगांव सेवा करून परत आले, आणि लोकांच्या वर्दळीमुळें त्यांना जेवावयासहि फुरसत मिळेना. तेव्हां प्रभु येशूनें त्यांना आणखी काम सांगितलें नाहीं. एकांतांत जाऊन थोडी विश्रांति घेण्यास सांगितलें. ज्यानें सेवेचा धडा घालून दिला, त्यानेंच विसाव्याचाहि घालून दिला.

दुसरा आक्षेप मायेचा आहे. आपलें माणूस परक्याच्या हातीं कसें द्यावें? लोक काय म्हणतील? यास उत्तर आमच्याच घरांत आहे, आणि तें म्हणजे माहेर. माहेरीं गेलेली सून सासर टाकून गेली, असें कोणी म्हणत नाहीं. ती चार दिवस राहते, आयतें जेवते, आईच्या मांडीवर डोकें ठेवून मनांतलें बोलते, आणि परत येऊन दुप्पट उमेदीनें कामास लागते. तोंवर जाऊ चूल सांभाळते. ही सोय आमच्या आज्यापणज्यांनीं कोणत्याहि सरकारी ठरावाची वाट न पाहतां चालविली. परंतु ज्या बाईच्या घरीं दुखणेकरी असतो, तिचेंच माहेर आधीं तुटतें. भावाच्या लग्नास ती सकाळीं जाते आणि संध्याकाळीं परत येते. पुढें पुढें तेवढेंहि जमत नाहीं. आम्ही जें मागतों तें नवें नाहीं. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकास, मग तो पुरुष असो वा स्त्री, वर्षांतून कांहीं दिवसांचें आणि आठवड्यांतून कांहीं तासांचें माहेरपण मिळावें.

सरकारनेंहि हें तत्त्व एका बाजूनें मान्य केलें आहे. १९९९ सालीं संसदेनें राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांस आपल्या कुटुंबांतच राहतां यावें, म्हणून आधार देणें हा त्याचा एक हेतु. त्या न्यासाच्या ‘समर्थ’ नांवाच्या योजनेंत अशा व्यक्तीस कांहीं काळ केंद्रांत ठेवून घेण्याची व त्या अवधींत घरच्यांस विसावा देण्याची कल्पना आहे. या कायद्याखालील जिल्ह्याच्या समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. पुढें २०१६ च्या दिव्यांगांविषयींच्या कायद्यांत, ज्यांस अधिक आधार लागतो अशांसाठीं शुश्रूषकाचा भत्ताहि नमूद झाला; मात्र तो सरकारच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेंत. म्हणजे बीज पेरलें गेलें आहे. पण न्यासाची छाया त्या चार प्रकारांपुरतीच आहे. अर्धांगवायूनें पडलेले आजोबा आणि स्मृतिभ्रंश झालेली आजी तिच्या बाहेर राहतात, आणि त्यांच्या उशाशीं बसलेली सूनहि बाहेर राहते. आईस विसावा हवा हें ज्या कायद्यानें ओळखलें, त्या कायद्याचाच विचार सुनेस कां लागू होऊं नये?

इतर ठिकाणीं लोकांनीं काय केलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांत मेरी वेब्स्टर या धर्मोपदेशिकेनें १९५४ सालीं वृद्ध आईबापांसाठीं आपलें काम सोडलें. आपल्यासारख्या एकट्या स्त्रियांची स्थिति तिनें १९६३ सालीं वर्तमानपत्रांस कळविली, तेव्हां तशाच असंख्य स्त्रियांचीं पत्रें येऊं लागलीं. तोंपर्यंत प्रत्येकीस वाटत होतें कीं, हें दुःख माझ्या एकटीचेंच. १९६५ सालीं त्यांची संस्था उभी राहिली, आणि २०१४ च्या कायद्यानें तेथें शुश्रूषा करणाऱ्याची गरजहि स्वतंत्रपणें पाहण्याचें कर्तव्य स्थानिक संस्थांवर घातलें. जवळचें उदाहरण केरळचें. १९९३ सालीं कोळिकोड येथें असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्याचें काम सुरू झालें. तें पुढें मलप्पुरम जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं आपल्या अंगावर घेतलें, आणि २००८ सालीं राज्य सरकारनें त्याचें धोरण ठरविलें. अंथरुणास खिळलेल्या माणसापायीं ज्यास कामावर जातां येत नाहीं, त्यास दरमहा अल्प साहाय्य देण्याची योजनाहि त्या राज्यानें काढिली. आमच्या मुंबईंत १९८६ सालीं वांद्र्यास ‘शांति अवेदना सदन’ सुरू झालें. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेंतील रोग्यांसाठीं भारतांत निघालेलें हें पहिलें आश्रयस्थान.

तर कामठींत काय करितां येईल? आरंभ घरांतून व्हावा. भावंडांनीं एकत्र बसून वारांची वांटणी करावी. जो पुण्यास किंवा परदेशीं आहे त्यानें केवळ पैसे पाठवून मोकळें होऊं नये. वर्षांतून पंधरा दिवस येऊन स्वतः उशाशीं बसावें. पैशानें औषध येतें. बहिणीची झोंप येत नाहीं.

नंतर शेजार. चर्च, मशीद, विहार आणि मंदिर यांच्याभोंवतीं जीं मंडळें आहेत, त्यांनीं आपापल्या आळींतील अशा घरांची यादी करावी, आणि आठवड्यांतून दोन तास कोणी तरी जाऊन बसेल अशी व्यवस्था लावावी. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. स्मृतिभ्रंश झालेलें माणूस नव्या चेहऱ्यास बावरतें. म्हणून नव्या माणसानें पहिले कांहीं दिवस घरच्यांच्या देखत यावें, ओळख पडूं द्यावी, आणि मगच एकटें बसावें. औषध देणें व रोग्यास उचलणें हें जाणत्याचें काम. विद्यार्थ्यांनीं तें करूं नये. पण वर्तमानपत्र वाचून दाखविणें, पत्ते खेळणें, बाजारांतून सामान आणून देणें, हें आठवी-नववीच्या मुलांस सहज जमेल. यांत मुलांनीं मुलींइतकाच वांटा उचलावा, असा आमचा आग्रह आहे.

आणि शेवटीं सरकार. प्रत्येक तालुक्यास निदान एक असें दिवसाचें केंद्र असावें, जेथें वृद्ध किंवा दिव्यांग माणसास सकाळीं सोडून संध्याकाळीं विश्वासानें घरीं नेतां येईल. विडीवालीचा हजार पुरा होण्यास एवढेंहि पुरे आहे. पालकांनीं अशी मागणी नगरपरिषदेपुढें व जिल्हाधिकाऱ्यांपुढें लेखी मांडावी. न मागितलेलें सहसा मिळत नाहीं.

इतक्यानें दुःख नाहींसें होईल, असा आमचा दावा नाहीं. परत आल्यावर तीच खोली, तेंच अंथरूण आणि तेंच काम असणार. परंतु झोंप झालेल्या माणसाच्या हातून भरविलेला घांस आणि सात रात्रींच्या जागरणानंतर भरविलेला घांस यांत फरक असतो, आणि तो रोग्यास सर्वांआधीं कळतो.

विद्यार्थी मित्रांनो, हा अंक तुम्ही आज घरीं न्याल. तो वडिलांस दाखविण्यापूर्वीं आपल्या घरांत जागतें माणूस कोण आहे, तें पाहा. असें कोणी असलें, तर त्याच्यापाशीं जा आणि एवढेंच म्हणा: “आज संध्याकाळीं मी बसतों, तूं जरा नीज.”